चूकसुद्धा तिचीच

कोपरगावच्या कॉलेजातले गुरुजन, घोडेगावहून आलेली आमची माणसं, रेखाच्या विद्यार्थिनींनो, मला भाषणाची सवय नाही. मी सुप्याच्या कारखान्यात फिटर आहे. धाकट्या बहिणीच्या फोटोशेजारी उभं राहून बोलायचं म्हणजे तर आणखीच अवघड. पण आज तिच्या शोकसभेत मी बोलणार.

रेखा इथं भौतिकशास्त्र शिकवायची आणि पीएचडी करायची. विषय, आकाशगंगांचे समूह. एकेका समूहात शेकडो आकाशगंगा. हे समूह कुठल्या दिशेला सरकतात आणि का, हेच ती शोधत होती.

आमचे अण्णा घोडेगावच्या बाजारात जनावरांचे दलाल. एकदा म्हणाले, "पोरी, तुझं काम काय हाय, मला बी कळू दी."

ती म्हणाली, "अण्णा, गुरं एकाच दिशेनं निघाली तर तुमी काय म्हणाल?"

"म्हनंल, पुढं चारा हाय."

"आणि मागचा चारा संपला असंल तर?"

अण्णा हसले. "व्हय की. तरी बी निघत्यालच."

तिचं म्हणणं हेच होतं. सगळे म्हणत, पुढं काहीतरी जड आहे, ते या समूहांना ओढतंय. रेखा म्हणाली, पुढचं ओढतंयच, पण मागं प्रचंड पोकळी आहे. त्या बाजूनं धरून ठेवणारं काहीच नाही. बराचसा वेग त्यामुळं आहे.

हे मांडलेले तिचे कागद तिच्या मार्गदर्शक सरांनी चारचौघांत परत केले. म्हणाले, "पोकळी कधी कुणाला ढकलते का? बाजारातलं गणित बाजारात ठेवा, मॅडम." त्या दिवशी रेखा घरी येऊन जेवली नाही.

पुढं ती आजारी पडली. दवाखान्यात तिनं मोबाईलवर एक शोधनिबंध उघडला. त्याच पोकळीवरचा. नाव सरांचं. तिचं कुठंच नाही. मी उठलो. म्हटलं, आत्ता जातो आणि कॉलर धरतो. तिनं माझं मनगट धरलं.

"दादा, हे कोष्टक बघ. या दोन समूहांची दिशा उलटी पडलीय. ती चूक माझी. सरांना मेल केला त्यात होती. नंतर मी वहीत दुरुस्त केली. त्यांनी चूकसुद्धा तशीच उचलली."

"मग सांग की सगळ्यांना!"

"आत्ता नको. आधी त्यांच्या गळ्यात सत्काराचे हार पडू देत."

आणि ती हसली. सगळ्या आजारात तेवढी एकदाच.

मघापासून तीन जण म्हणाले, रेखा क्षमाशील होती. नव्हती. मीही नाही.

सरांनी तिला मारलं, असं मी म्हणत नाही. तिला आजारानं नेलं. पण तिचं काम कुणी नेलं? सांगा ना, कुणी नेलं?

सर, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. मघाशी फोटोला फुलं वाहिलीत. "माझी लाडकी विद्यार्थिनी" म्हणालात. गेल्या महिन्यात त्या निबंधासाठी तुमचा सत्कार झाला, मी मागं उभा होतो. टाळ्या मीही वाजवल्या. आज सकाळी तिचा मेल, तिची वही, दुरुस्तीचं ते पान, सगळं तो निबंध छापणाऱ्या संपादकांना गेलं. विद्यापीठालाही गेलं. पत्र तिनंच लिहून ठेवलं होतं. मी फक्त पाठवलं. आता ती चूक तुमच्या हातून कशी झाली, ते तुम्ही त्यांना समजावून सांगा.

मंडळी, माझं बोलणं संपलं. रेखासाठी दोन मिनिटं शांत राहू या. सगळ्यांनी उभं राहावं.

सर, तुम्ही बसून राहा.