मालवणसाठी घेतलेली डबी

काय सांगू राव, मालवणला स्कूबा करताना फोटो काढायचे म्हणून पंधरा दिवस शोधून फोनची वॉटरप्रूफ डबी घेतली. आधी नुसता टिश्यू पेपर ठेवून दोरीनं आमच्या विहिरीत सोडली. कागद कोरडा निघाला.

शेजारचे आबा बघत होते. म्हणले, "आता फोन घालून सोड. पाण्यातल्या मोटारीत काय अडकलंय ते तरी दिसंल."

टॉर्च लावून व्हिडिओ काढला. चिंधी दिसली, आणि मी अडकलो. तवापासनं आमच्या गावच्या, कोऱ्हाळ्यातल्या निम्म्या विहिरींचे तळ बघून झालेत.

काल बॅग भरली, तर आबा दारात. "खुशाल जा मालवणला. तेवढी डबी ठेव, मेव्हण्याची विहीर राहिलीय."

"आबा, डबीत फोन लागतो."

"मग त्यो बी ठेव की. समुद्रात तुला कोण फोन करणार हाय?"