टुवर्ड्‌सचा चौथा अर्थ

सना परीक्षेला वेळेत पोहोचली, हे आधीच सांगतो. उगाच जीव टांगणीला लावून ठेवण्याची उमेद आता माझ्यात उरलेली नाही.

आमच्या परतूरच्या गल्लीत जुना रिवाज आहे. परीक्षेला निघणाऱ्याने मला, म्हणजे गल्लीतल्या निवृत्त इंग्रजी मास्तराला, एक इंग्रजी शब्द विचारल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचे नाही. शेजारच्या युसुफभाईंची सना बँकेच्या परीक्षेसाठी जालन्याला निघाली होती.

"चाचा, टुवर्ड्‌स म्हणजे काय?"

"'च्या दिशेने'. परंतु मूळ पाहा. जुन्या इंग्रजीत त्याच्या उत्तरार्धाचा अर्थ 'वळलेला' असा होता. पुढे होतकरू, आज्ञाधारक मुलासही..."

मी चौथ्या अर्थावर आलो, तोच स्टेशनाकडून गाडी सुटल्याचा भोंगा ऐकू आला. युसुफभाईंनी मोटारसायकल दारात आणली.

"बेटा, गाडी गेली! बैठ जल्दी, जालन्यापर्यंत मीच सोडतो."

मी ओशाळलो. "बाळ, मला थांबवले का नाहीस? अर्थ तर पहिल्याच वाक्यात सांगितला होता."

मागे बसता बसता ती म्हणाली, "अर्थ कालच फोनमधी पाह्यल्ता, चाचा. पण तुम्ही इतक्या खुशीनं सांगून राह्यले होते. तुमचं ऐकायला घरात आता कोनी न्हाई ना."