अस्वलाच्या हद्दीतली आरती

ईदच्या सुट्टीत दुबईत, करामातल्या घरी लोळत पडलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही, आईला आणि लेकीला घेऊन जॉर्जियाला गेलो आणि डोंगरातल्या जंगलात, थेट अस्वलांच्या हद्दीत फिरायला निघालो. गाईडने आधीच विचारलं, "बॅगेत खायचं काही नाही ना? वासाने अस्वल येतं." सगळ्यांनी नाही म्हटलं. आईनेसुद्धा.

अर्ध्या वाटेत चिखलात पंजाचा ताजा ठसा दिसला. गाईड म्हणाला, "टाळ्या वाजवा, मोठ्याने बोला. माणसांची चाहूल लागली की ते लांब जातं."

घाबरल्यावर बोलायला काय सुचणार? आईने सरळ आरती सुरू केली. आम्हीही बेंबीच्या देठापासून ओरडायला लागलो. लेक म्हणाली, "आजी, द बेअर इज नॉट डेफ!"

आरती संपली आणि आईने सवयीने पिशवीतून डबा काढला. बेसनाचे लाडू, तेही साजूक तुपातले!

गाईड किंचाळला, "खायचं काही नाही म्हणालात ना?"

आई त्याला मराठीतच म्हणाली, "अरे बाळा, हे खाणं नाही, प्रसाद आहे," आणि लाडू हातावर ठेवला.

त्याने झाडीकडे बघत घाईघाईने तो खाल्ला. मग डब्याकडे बघून मला म्हणाला, "अजून एकदा गा."