बाटलीवरचा जाळ

भूमहून परंड्याला निघालेल्या एस.टी.त राजेश्वरीला नुकती डुलकी लागत होती. पुढच्या बाकावर एक केमिस्ट्रीची मास्तरीण आणि भुवया होरपळलेले तिचे सासरे बसले होते.

"मामा, प्रयोगाची बाटली गुडघ्याला चोळलीत कशी?"

"लई गार वाटलं गं."

"अल्कोहोल ते! झटकन उडतं म्हणून गार लागतं. त्याची वाफ जमिनीलगत सरकत जाऊन लांबच्या निखाऱ्यावरसुद्धा भडकते. तुम्ही तर शेगडी पुढ्यात घेतलीत!"

"बाटलीवर जाळाचं चित्र होतं की. मला वाटलं, चोळून शेक घ्यायचा."

राजेश्वरीची झोप उडाली.

"ते सावध राहा म्हणून असतं, मामा!"

"मग कोंडिबालाबी सांगाय पायजे."

"शेजारच्या कोंडिबाकाकांना? का?"

"त्याचेबी गुडघे धरलेत. सकाळीच निम्मं दिलंय. म्हणलं, आमच्या सूनबाईनं बनवलंय."

"ते कधी चोळणार?"

"आंघोळ झाल्यावर. म्हंजी आत्ताच."

"फोन लावा आधी!"

"लावतोय की... हां, कोंडिबा? चोळलंस व्हय?... अन् शेगडी?"

राजेश्वरी पुढचा बाक धरून वाकली.

"न्हाय ना पेटवली? मग पेटवू नगंस. गुडघे धुऊन टाक, बाटली झाकून ठेव... का म्हंजी? सूनबाईनं ह्याच्याहून भारी बनवलंय!"