खिंडीतली मोकळी गादी

ऐका रे, अन् जरा सरकून बसा. मागं जागा मोकळी ठेवू नका.

आपल्या संस्थानाचे थोरले सरकार गेले. पोटी लेकरू नाही. दत्तक घेतला, पण तो अजून आजोळी. मुलखाला धनीच नाही! अन् धनी नसला की मेलेलेसुद्धा हक्क सांगायला उठतात.

येसू गव्हाणे सरकारचा जासूद, निरोप पोचवणारा. राणीसाहेब त्याला दिवेलागणीला म्हणाल्या, "बाळाला घेऊन ये. उशीर झाला तर भाऊबंद तलवारी उपसतील."

निघाला येसू. जवळची वाट म्हणून करवंदीच्या खिंडीनं. तिथंच चुकला!

खिंडीत चौकी. पहारेकरी म्हणाला, "कुणाच्या राज्यातला?"

येसूनं थोरल्या सरकारांचं नाव घेतलं.

"ते तर मेले. आता कुणाच्या?"

येसूनं दिवटीच्या उजेडात बघितलं, तर पहारेकऱ्याला सावलीच नाही! पळाला. वळण घेतलं, तर पुढं तीच चौकी. तोच माणूस. "आता कुणाच्या?"

पुन्हा पळाला. तर वाटेत पालखी. भोई नाहीत, पालखी अधांतरी! आतून थोरल्या सरकारांचा आवाज. "येसू, दमलास बाबा. ये, बस."

येसूला रडू फुटलं. पाय उचलला... अन् थबकला. अहो, सरकारांनी उभ्या जन्मात नोकराला 'बस' म्हटलं नव्हतं!

तसा धावला. खिंडीच्या तोंडाशी आला, तर आडवी गादी. लोड, तक्के, छत्र. दोन्ही बाजूंना माणसं उभी. एकाच्याही धडावर मुंडकं नाही! मागं एकदा अशीच गादी रिकामी पडली, तेव्हा एकमेकांना कापून मेलेले भाऊबंद ते.

त्या धडांतून आवाज आला, "बस. मोकळी आहे."

पाय आपसूक चालले. मनात आलं, बसलो तर राजाच की मी! हात गादीला लागला. ओली. गरम.

येसूनं डोईचं पागोटं ओरबाडून गादीवर फेकलं अन् ओरडला, "बसला! राजा बसला!"

सगळी धडं मुजऱ्याला वाकली. तेवढ्यात येसू निसटला.

बाळ लांबच्या वाटेनं आलं, गादी भरली. पण येसू पुन्हा कधी बसला नाही. जेवला उभ्यानं, निजला भिंतीला टेकून. कुणी 'बस' म्हटलं की तडक घराबाहेर पडायचा.

काय म्हणतोस? आता राजे राहिले नाहीत?

राजे गेले रे. पण ती गादी कुणी उचलली?

त्या खिंडीनं जाऊ नका. अन् सरकार पडलं, नवं यायचं आहे, असं कानावर आलं, तर तिकडं तोंडसुद्धा करू नका.