पहिला मेसेज कुणाला?

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्हाला डोळे मिटून बसवलं होतं. लहानपणी आई दुपारी असंच दामटून झोपवायची आणि आम्ही मिटल्या डोळ्यांनी मोठ्यांचं बोलणं ऐकायचो. शेजारच्या मुलीच्याही डोळ्यांत थेंब होते. सोबत तिचा भाऊ होता.

"दादा, मोबाईल बघ ना. मला अक्षर दिसत नाहीये."

"पुन्हा? एवढं काय आहे त्यात?"

"अरे, आमच्या ऑफिसात कुणीही प्रोग्रामचा कोड पाठवला की सर्व्हर तो आपोआप तपासतो. त्याला जोडायला मी प्लगइन केलंय, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम. कोड बिघडला की बिघडवणाऱ्याला मेसेज जातो. सरांनी आजच बसवलंय. संध्याकाळपर्यंत चाललं नाही, तर काढून टाकणार."

"आणि कुणी बिघडवलंच नाही तर?"

"तेच ना! आजच मेले सगळे शहाण्यासारखे वागतायत!"

"थांब, आला एक. 'झालं समाधान? बिघडवलंस तू, आता नीटही तूच कर. तोवर जेवायला बसायचं नाही.' ए, ही तर आपल्या आईचीच बोलणी!"

"चाललं! दादा, चाललं! कुणाला गेलाय?"

"तुला."

"मला?"

"तुझंच नाव आहे."

"अय्या! निघताना प्लगइनमध्येच घाईघाईने एक ओळ बदलली मी, तीच चुकली. म्हणजे त्याने पहिलं मलाच धरलं!"

"हसतेस काय, वेडे? सरांचाही आलाय. 'स्वतःच्या मालकिणीलाही सोडत नाही. राहू दे प्लगइन.'"

"आईला फोन लाव! आधी लाव!"

"काय सांगू?"

"सांग, इतकी वर्षं तुझी बोलणी आम्ही दोघांनीच खाल्ली. आता अख्खं ऑफिस खाणार!"