एक फास उचलायचा राहिला

आम्ही मूळचे बिलोलीकडचे, फासे लावणारी माणसं. बाप म्हणायचा, जिथं तीन दगडांची चूल मांडली ते आपलं गाव. पण मी कळता झालो तवापासून तेलुगू मुलखातलं हे अंबरपेठच बघितलं, मातीच्या भिंती अन् वर कवेलू. घरात माय, थोरला भाऊ, वहिनी, तिची दोन लेकरं अन् मी. भावाला मी दादा म्हणायचो, बाप गेल्यावर तोच बाप. चहा घ्या, थंड होऊलाला. मी लई बोलतो, तुम्ही पाहिजे तेवढंच लिहा.

धंदा आमचा कातड्याचा. मऊ केसाचं कातडं, कोल्ह्याचं, रानमांजराचं, अन् सगळ्यात मोलाचं पाणमांजराचं. तवा त्याला बंदी नव्हती. घेणारे एक हाजीसाब होते, ते मला म्हणायचे लछमन, पानी का बिल्ला लाव, बाकी सब छोड. आता पाणमांजर जवळपास उरलं नव्हतं, म्हणून आम्ही दोघं भाऊ नल्लमलाच्या डोंगरात शिरलो, कृष्णेच्या अंगानं. काय सांगू तुम्हाला, तिथं आमच्या आधी फास घेऊन कुणी गेलंच नव्हतं, वाट नाही, गाव नाही, नुसती दरी अन् बांबू. वाट दाखवली लिंगय्यानं. तो तिथला चेंचू, त्या रानातलाच आदिवासी, त्याला मराठी येईना अन् मला तेलुगू येईना, पहिला महिना हातवाऱ्यावरच गेला. तिथल्या ओढ्यांना आम्हीच नावं ठेवली, एकाचं नाव वहिनीचा ओढा, कारण तो गप म्हणून बसायचा नाही. वहिनीला कधी कळू दिलं नाही.

आता हे मात्र नीट लिहा. आमच्यात रीत होती, फास लावला की कमरेच्या दोरीला एक गाठ मारायची, उचलला की ती गाठ सोडायची. ज्यानं मारली त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. अन् दोरीला एक जरी गाठ असली तरी घराचा उंबरा ओलांडायचा नाही. तिकडं मुकं जनावर अडकून तडफडूलालं अन् तू इकडं भाकर खातो का, असं बाप म्हणायचा. मारणं आपलं पोट आहे, विसरणं पाप आहे. आम्ही रानातून आलो की माय दारात उभी राहायची, एकेकाची दोरी बोटांतून ओढून बघायची, मगच म्हणायची या.

ती भाषेवरून राज्य वाटायची वर्षं. आम्ही डोंगर उतरून वखारीत गेलो तर हाजीसाब म्हणाले, राज बट रा कते, तुमारा मराठवाडा बंबई में जारा कते, तुम क्या करते? मी म्हणलं हमारा क्या, हमारा तो जंगल. दादाला मात्र ते लागलं. म्हणाला लक्ष्मण, आता आपल्या माणसात जायचं, इथं आपल्याला कोण विचारणार, लेकरं मोठी होतील तर कोणत्या भाषेत मोठी होतील? आमच्या पाच-सहा घरांनी ठरवलं, शुक्रवारी काचीगुडा स्टेशनावरून मराठवाड्याची गाडी धरायची. त्याच्या आधी एकदा डोंगरात जाऊन सगळे फास उचलून आणायचे. मी वरची रांग धरली, दादानं ओढ्याची. तो लई घाईत होता.

घरी आलो, मायनं माझी दोरी ओढली, साफ. दादाची ओढली अन् तिची बोटं अडकली. एक गाठ. दादा म्हणाला फास उचललाय माय, गाठ सोडायची राहिली. मायनं पायरीवर बसून त्याचे फास मोजले. एक कमी. माझ्या डोळ्यापुढं तो ओढ्याचा वाक आला, तिथं पाणमांजराच्या मादीचे माग होते, अन् तिच्या संगं पिल्लांचे. माय म्हणाली जा, उचलून ये. दादा म्हणाला परवा गाडी आहे, एका फासापायी लेकरांचं नशीब सोडू का मी? दोरी पायरीवर टाकली अन् उंबरा ओलांडून आत गेला. मायच्या डोळ्यादेखत. मला तवा राग नाही आला, लाज वाटली, अन् ती दोरी उचलून मी निघालो.

मोटारीनं एक दिवस अन् पायी दीड दिवस. वाकावर पोचलो तर फास नाही. लिंगय्याच्या झोपडीवर गेलो तर फास दारालाच टांगलेला. मादीचा पाय अडकला होता, त्यानं सोडवून दिली, लंगडत गेली म्हणे पिल्लांकडं. मला म्हणाला, नुव्वु वस्तावनि तेलुसु, तू येणार हे मला ठाऊक होतं. मी तिथंच खाली बसून रडलो. म्हणजे मी आलो नसतो तरी चाललं असतं, अन् गाडी तर गेलीच होती.

परत आलो तर माय पायरीवर बसलेली. दादा वहिनी-लेकरं घेऊन गेला होता, ती गेलीच नव्हती. दादाला म्हणाली होती, धाकटा रानात आहे, मी उठत नाही. गाठ दादाची, मला सोडता येईना, म्हणून दोरी तशीच खुंटीला टांगली. पुढं दादाचे निरोप यायचे, या म्हणून. माय म्हणायची ज्याची गाठ आहे तो येईल. माय गेली तवासुद्धा तो आला नाही, हे मला लई लागलं, खोटं कशाला बोलू. कातड्याला बंदी आली, मी मलकपेठेत घोड्यांच्या तबेल्यात लागलो, लग्न झालं, लेकरं झाली, ती तेलुगू-हिंदीत मोठी झाली. दादाचं भाकीत तेवढं खरं.

चाळीसेक वर्षांनी एक दिवस नात ओढत आली, बाहर कोई बुड्ढा बैठा है, अंदर आओ बोले तो नक्को बोलरा. बघतो तर दादा. हौ, दादाच. पायरीवर बसलेला. मी म्हणलं आत चल. म्हणाला दोरी आहे का? मी खुंटीवरची दोरी आणून दिली. नखानं उकलायला लागला, गाठ दगडासारखी झालेली. नात म्हणाली कैंची लाऊं क्या, तर हातानंच नको म्हणाला. दुपारच्या चहाला बसला होता, दिवे लागायच्या वक्ताला गाठ सुटली. मी शेजारी बसून होतो, हात लावला नाही. मग दोरी माझ्या हातात देऊन, लहान लेकरासारखं तोंड करून म्हणाला, लक्ष्मण, आता येऊ का आत?

मी म्हणलं, या.

आठ दिवस राहिला, वहिनीच्या ओढ्याचं आठवून दोघं हसलो. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. आता माझीही पाळी जवळच आहे, तिचं काही नाही. तुम्ही येत जा, बरं वाटतं, देव तुमच्या लेकराबाळांना सुखी ठेवो. जाताना ती खुंटीवरची दोरी बोटांतून ओढून बघा, कुठं अडकत नाही.